पेटीचा गंधार मोबाइलवर उतरलेला दिसतो, म्हणून सूर खरवडू नका

आमच्याकडून पेटी ट्यूनिंग करून नेलेल्या ग्राहकांचा आठवड्यातून एक-दोनदा तरी फोन येतो. प्रश्न ठरलेला. "ट्यूनिंग करून घेतलं, पण मोबाइलवर सूर मोजणारं ॲप लावून बघितलं तर गंधार उतरलेला दाखवतंय. काटा हिरव्यात येतच नाही." असा फोन आला तर चांगलंच आहे, पाच मिनिटांत शंका मिटते. काही जण मात्र फोन न करता पेटी उघडतात आणि आतले सूर, म्हणजे आवाज काढणाऱ्या पितळी जिभा, खरवडायला ब्लेड हातात घेतात. मग चार दिवसांचं काम तीन आठवड्यांवर जातं. त्यासाठीच हे पत्रक छापलं आहे. पेटीबरोबर ठेवा.

ॲप काय मोजतं, ते आधी बघू. ते सप्तकाचे बारा अगदी सारखे भाग करतं. एक भाग म्हणजे १०० सेंट. या हिशेबात सा पासून शुद्ध गंधार ४०० सेंटवर येतो. कीबोर्डवर आणि पियानोवर तो तिथेच असतो, कारण त्यांना बाराही पट्ट्यांवरून सारखंच वाजायचं असतं. पण तानपुरा नीट जुळला की खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, तो ३८६ सेंटच्या आसपास असतो, म्हणजे ॲपच्या गंधारापेक्षा १४ सेंट खाली. तानपुऱ्यासमोर रोज बसणाऱ्याचा गळा आपोआप त्याच गंधारावर जाऊन टेकतो.

गाणाऱ्यांच्या साथीसाठी पेटी हवी असेल तर आम्ही ती याच गंधाराला मिळवतो. त्यालाच गंधार ट्यूनिंग म्हणतात. काळी एकच्या पेटीत सा, म्हणजे काळी एक (सप्तकातली डावीकडून पहिली काळी पट्टी; बाकीच्या काळ्या-पांढऱ्याही अशाच मोजायच्या), ॲपवर बरोबर हिरव्यात येईल. शुद्ध रे, काळी दोन, ४ सेंट चढा दिसेल. गंधार, म्हणजे पांढरी चार, १४ सेंट उतरलेला दिसेल. मध्यम, म्हणजे काळी तीन, आणि पंचम, म्हणजे काळी चार, यांत जेमतेम २ सेंटचा फरक, तो तुमच्या लक्षातही येणार नाही. धैवत काळी पाचवर १६ सेंट आणि निषाद पांढरी एकवर १२ सेंट उतरलेला दिसेल. कोमल गंधार उलट १६ सेंट चढा असतो. हे आकडे बघून कुणालाही वाटेल की पेटी बिघडली. ती बिघडलेली नाही, ती मुद्दाम तशी लावलेली आहे. एवढं जुळवायला एकेका सुरापाशी किती वेळ बसावं लागतं, ते कधी दुकानात येऊन बघा. आम्हाला आवडेल.

ॲपपेक्षा खात्रीचा तपास कानाने होतो. फक्त नर सुराची, म्हणजे खर्जाच्या जाड सुरांपेक्षा वरच्या आवाजाच्या सुरांची, खुंटी ओढा, मधल्या सप्तकातली काळी एक आणि तिच्या वरची पांढरी चार एकदम दाबून धरा, भाता हलक्या हाताने एकसारखा चालवा. सारख्या भागांच्या पेटीत दोन सुरांमध्ये बारीक थरथर ऐकू येते, सेकंदाला साधारण ११ लाटा. गंधार ट्यूनिंगच्या पेटीत ती थरथर विरून जाते आणि दोन्ही सूर एकाच आवाजासारखे स्थिर उभे राहतात. विद्यार्थ्यांनी रोज रियाजाला बसण्याआधी दोन मिनिटं हे करावं. अलंकारांची, म्हणजे सरावाच्या स्वररचनांची, पुस्तकं पुष्कळ मिळतात, पण गंधार ओळखायला याहून सोपा पाठ आमच्या माहितीत नाही.

आता ब्लेडबद्दल. दिवाळीनंतर एक वडील मुलीची पेटी घेऊन आले. संध्याकाळभर फोन समोर उभा करून त्यांनी एकेक गंधार हिरव्यात आणला होता. तीन सप्तकं, प्रत्येकात खर्ज आणि नर, असे सहा सूर. पेटी उघडली तेव्हा सुरांखालच्या लाकडावर पितळेची सोनेरी पूड पडलेली होती, आणि सहाही जिभांच्या टोकाशी ओरखडे चकाकत होते. हेतू चांगला होता, मुलीच्या परीक्षेची काळजी होती. पण परीक्षा जवळ आलेली, आणि पेटी धड गंधाराची राहिली नव्हती, धड कीबोर्डची नव्हती. गंधार वर गेला होता, धैवत आणि निषाद मात्र जुन्याच जागी होते.

सुराची जीभ टोकाशी खरवडली की हलकी होते आणि सूर चढतो. मुळाशी खरवडली की ती मऊ पडते आणि सूर उतरतो. म्हणजे चढवलेला गंधार परत उतरवायचा तर मुळाशी पितळ काढावं लागतं. दोन्हीकडून पितळ जातंच, परत येत नाही. एकदा-दोनदा हे चालून जातं, पुढे जीभ इतकी पातळ होते की जोरात भाता मारला की मुळातून तुटते. त्या सहापैकी चार सूर बदलावे लागले. नवा सूर बसवला की काम संपत नाही. त्याचा आवाज शेजारच्या सुरांशी जुळवावा लागतो, आणि तो सुरुवातीला थोडा हलतो, म्हणून चार दिवस वाजवून परत मिळवावा लागतो. आमच्याकडे गुजरातेतल्या पालिताण्याचे सूर शिल्लक असतात, त्यामुळे नव्या पेटीचं निभावतं. जुन्या जर्मन सुरांच्या पेटीत त्याच जातीचा सूर मिळणं मुश्किल असतं. आजोबांची पेटी असेल तर तिला घरी कुणीही हात लावू नये, ही हात जोडून विनंती.

ॲपचा काटा हलण्याचं आणखी एक कारण असतं. भाता जोरात दाबला की सूर किंचित उतरतो, खर्जाचा जास्त. एका हाताने भाता, दुसऱ्या हाताने फोन अशी कसरत करून घेतलेलं माप भरवशाचं नसतं. आणि एखादा सूर एकदम बसला किंवा घोगरा झाला, तर बहुतेक वेळा जिभेच्या फटीत धुळीचा कण अडकलेला असतो. ती पट्टी दाबून भाता पाच-सहा वेळा जोरात मारा. नाही सुटला तर पेटी आणा. कचरा काढण्याचे आम्ही पैसे घेत नाही. तेल मात्र कुठेही सोडू नका, खोबरेल नाही आणि मशीनचंही नाही. तेलाला धूळ चिकटते.

काही जण विचारतात की हे गंधाराचं खूळ तुमच्याच दुकानाचं आहे का. तसं नाही. आमच्या सांगलीच्याच कृष्णाजी बल्लाळ देवलांनी १९१० साली बावीस श्रुतींवर, म्हणजे सप्तकातल्या बारीक स्वरस्थानांवर, पुस्तक लिहिलं, आणि क्लेमंट्स या इंग्रज अधिकाऱ्याबरोबर श्रुतींची पेटी तयार करवून घेण्याचा खटाटोप केला. पेटीचे सूर गळ्याशी जुळावेत ही तळमळ या गावात शंभर वर्षांहून जुनी आहे.

तरीही प्रत्येकाला गंधार ट्यूनिंग घ्या असं आम्ही सांगत नाही. ते एकाच पट्टीसाठी असतं. काळी एकला मिळवलेली पेटी पांढरी चारवरून वाजवली तर कानाला खुपेल. स्केल चेंजर पेटीला आम्ही ते करूनच देत नाही, मग कुणी कितीही आग्रह करो. तिथे सूर जागेवरच राहतात आणि पट्ट्या सरकतात, त्यामुळे पट्टी बदलली की सगळा हिशेब मोडतो. संगीताच्या प्रारंभिक आणि प्रवेशिका या सुरुवातीच्या परीक्षांच्या मुलांनाही आम्ही थांबा म्हणतो. वाढत्या वयात आवाज बदलतो आणि गाण्याची पट्टीही बदलते. त्यांना सारख्या भागांची साधी पेटी उत्तम. पट्टी पक्की झाली की गुरुजींना विचारून या. भजनी मंडळात पेटीबरोबर कीबोर्ड वाजत असेल तर दोन्ही सारख्याच भागांचे ठेवा. काही कीबोर्डमध्ये एकेक स्वर सेंटने खाली-वर करण्याची सोय असते. तसा कीबोर्ड तुमच्याकडे असेल तर पेटीबरोबर घेऊन या, गंधार-धैवत आम्ही लावून देऊ.

ऑर्डर देताना पट्टी आपल्या भाषेत सांगा किंवा इंग्रजी अक्षरात, आम्हाला दोन्ही चालतं, पण दोन्हींची सरमिसळ नको. काळी एक म्हणजे सी शार्प, काळी चार म्हणजे जी शार्प, पांढरी चार म्हणजे एफ. व्हिडिओ बघून शिकणाऱ्यांची इथे नेहमी गल्लत होते. पट्ट्यांचा पूर्ण तक्ता आणि पहिले दहा अलंकार असलेला कागद प्रत्येक नव्या पेटीबरोबर आम्ही देतो. जुन्या ग्राहकांनीही मागून न्यावा.

यंदापासून आम्ही मिळवलेल्या प्रत्येक पेटीच्या झाकणाच्या आत चिठ्ठी चिकटवतो: ट्यूनिंग कोणतं, पट्टी कोणती, तारीख काय. शंका आली तर आधी ती चिठ्ठी वाचा, मग आम्हाला फोन करा. ट्यूनिंगनंतर तीन महिन्यांत एखादा सूर खरोखर हलला असेल तर तो विनाशुल्क परत मिळवून देतो, फक्त आत ब्लेड लागलेलं नसावं. ट्यूनिंगला चार दिवस लागतात. परीक्षा तोंडावर असेल तर तेवढ्या दिवसांसाठी दुकानातली पेटी घरी न्या. गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस मंडळांची गर्दी असते, तेव्हा पेटी श्रावण लागतानाच आणून टाका. आणताना खुंट्या आत दाबलेल्या आणि भात्याचे आकडे लावलेले असावेत.