‘रन’चे अर्थ आणि चिनी विद्यार्थी

ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या संपादकांनी ‘रन’ या क्रियापदाचे 645 अर्थ मोजले. चिनी विद्यार्थ्याच्या वहीत त्यापुढे बहुधा एकच अक्षर असतं: ‘पाओ’, म्हणजे पळणे.

गुंता मुळात इंग्रजीतला. जुन्या इंग्रजीत पळणं आणि पळवणं यांसाठी दोन वेगळी क्रियापदं होती, पुढे ती एकाच रूपात मिसळली. त्यामुळे ‘शी रन्स’ म्हणजे ती पळते, आणि ‘शी रन्स अ हॉटेल’ म्हणजे ती हॉटेल चालवते. धंदा चालवणं आणि निवडणूक लढवणं हे अर्थ एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत रुळले. ब्रिटनमध्ये उमेदवार आजही ‘स्टँड’ होतो. प्रोग्रॅम ‘रन’ होऊ लागला तो विसाव्या शतकात.

मराठी माणसाचं निम्मं काम ‘चालणे-चालवणे’ उरकून टाकतं. दुकान, मशीन, सरकार, सगळं चालतंच. चिनीत तशी सोय नाही. इंग्रजीत पुढचं सगळं ‘रन’च, चिनीत शब्द वेगवेगळे: नदी आणि सर्दीचं नाक यांना ‘लिउ’, दुकानाला ‘जिंगयिंग’, मशीनला ‘युनशिंग’, निवडणुकीला ‘जिंगश्वान’. धुण्यात कपड्याचा रंग गेला तर ‘दिआओसं’, बँकेवर ठेवीदारांची झुंबड उडाली तर ‘जीदुइ’. ‘पाओ’लाही स्वतःचे फाटे आहेत: ‘पाओती’ म्हणजे विषय सोडून भरकटणं, ‘पाओची’ म्हणजे हवा निसटणं. पण ते ‘रन’शी जुळत नाहीत.

शब्दापुढे प्रतिशब्द लिहायची रीत जुनी आहे. ब्रिटिश मिशनरी रॉबर्ट मॉरिसनच्या कोशाचा इंग्रजी-चिनी भाग 1822 साली मकावमध्ये छापला गेला. 1862 साली बीजिंगमध्ये थोंगवन ग्वान ही सरकारी भाषाशाळा निघाली. पण घोकंपट्टीला खरा जोर आला तो 1977 साली विद्यापीठ प्रवेशपरीक्षा पुन्हा सुरू झाल्यावर आणि 1987 पासून कॉलेजांत इंग्रजीची राष्ट्रीय परीक्षा आल्यावर. पाठ्यपुस्तकाच्या शेवटी शब्दयादी, प्रत्येक शब्दापुढे एक-दोन अर्थ. पाठांतराला एवढं पुरतं, उताऱ्याला पुरत नाही. पेपर काढणारे नेमकं हेच हेरतात. अशा सापळ्यांना क्लासवाल्यांच्या भाषेत ‘शूत्स पीयी’ म्हणतात: शब्द ओळखीचा, अर्थ आडवळणाचा. ‘बुक’ म्हणजे आरक्षण करणं, ‘फाइन’ म्हणजे दंड, ‘ॲड्रेस’ म्हणजे प्रश्न हाताळणं.

यावर कामाचा उपाय म्हणजे आधी कर्म शोधणं. कर्म नसेल तर कर्ता बघायचा: माणूस-जनावर असेल तर ‘पाओ’, पाणी असेल तर ‘लिउ’, यंत्र असेल तर ‘युनशिंग’. कर्म असेल आणि ती संस्था असेल तर ‘जिंगयिंग’. नंतर ‘आउट’, ‘इंटू’, ‘ओव्हर’ असं शेपूट आहे का ते पाहायचं. ‘रन आउट’ (क्रिकेटमधला नव्हे, संपून जाणं या अर्थाचा) हा स्वतंत्र शब्द म्हणूनच पाठ करावा, तुकडे जोडून अर्थ लागत नाही. बँकेवरच्या झुंबडीसारखी नामं या चाळणीतून निसटतात, ती वेगळी लिहून ठेवावी लागतात.

2022 मध्ये शांघायच्या लॉकडाउनच्या काळात उलटा प्रवासही झाला. ओलसर किंवा तुकतुकीत या अर्थाच्या चिनी अक्षराचं रोमन स्पेलिंग नेमकं ‘रन’सारखंच, उच्चार मात्र वेगळा. नेटवरच्या तरुणांनी ते अक्षर देश सोडून जाणं या अर्थी वापरलं, आणि बाहेर पडण्याच्या वाटांच्या अभ्यासाला नाव पडलं ‘रनश्वे’, म्हणजे रनशास्त्र.