व्हिएतनामची बारावी आणि ऑक्सफर्ड-केंब्रिजचा दरवाजा

हनोईतल्या शासकीय शाळेत दहापैकी साडेनऊच्या सरासरीने पास होणाऱ्या मुलीने ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजला पदवीसाठी अर्ज करायचे ठरवले, तर तिची पहिली गाठ पडते ती बारावीच्या दाखल्याशी. व्हिएतनामच्या उच्च माध्यमिक शाळेचा दाखला, गुण कितीही चांगले असोत, एकट्याच्या बळावर या दोन्ही विद्यापीठांना पुरेसा वाटत नाही. सोबत ए-लेव्हल (ब्रिटनची बारावीच्या तोडीची परीक्षा), आयबी (आंतरराष्ट्रीय शाळांतला त्याच पातळीचा अभ्यासक्रम) किंवा अमेरिकी शाळांतल्या एपी परीक्षांसारखे काहीतरी लागते, नाहीतर मायदेशी विद्यापीठाचे एखादे वर्ष करून तिथे पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरुवात. गेल्या दहा-बारा वर्षांत या विषयावर जे वाद झाले, जे हुकूम निघाले, त्यातले बरेचसे या एका अटीभोवती फिरतात.

परीक्षा देऊन वर चढण्याची व्हिएतनामला हजार वर्षांची सवय आहे. पहिली राजपरीक्षा १०७५ ची, शेवटची १९१९ ची. हनोईच्या साहित्यमंदिरात उत्तीर्णांची नावे कोरलेल्या ८२ शिळा कासवांच्या पाठीवर आजही उभ्या आहेत, आणि परीक्षेच्या मोसमात मुले तिथे नवस बोलायला जातात. फ्रेंचांच्या काळात हनोईत विद्यापीठ निघाले आणि ऐपतदार घरांतली मुले पॅरिसला जाऊ लागली. १९५४ नंतर उत्तर व्हिएतनामची वाट मॉस्को, वॉर्सा, बुडापेस्ट, पूर्व बर्लिन अशी झाली. कोणी जायचे हे सरकार ठरवी. त्यात गुणांबरोबर घराण्याची पूर्वपीठिका बघितली जाई: वडील कोण होते, काका कुठल्या बाजूने लढले. पुढे देश एकत्र झाल्यावर, ज्यांच्या घरात दक्षिण व्हिएतनामच्या सरकारची चाकरी झाली होती, त्यांच्या मुलांना देशातल्या विद्यापीठाचीही खात्री नसे.

ब्रिटन या नकाशावर जवळजवळ नव्हतेच. राजनैतिक संबंध १९७३ मध्ये जुळले. १९७९ मध्ये हाँगकाँगच्या छावण्यांतून १०,००० व्हिएतनामी निर्वासित घ्यायचे ब्रिटनने कबूल केले. ती माणसे तिथेच वसली आणि त्यांची मुले पुढे तिथल्याच शाळांतून विद्यापीठांत गेली. परदेशातून अर्ज करणारा व्हिएतनामी विद्यार्थी ही त्यानंतरची गोष्ट आहे.

त्याच सुमारास ब्रिटनने घेतलेला निर्णय मात्र लक्षात ठेवावा लागतो. १९८० पासून नव्याने येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांकडून शिक्षणाचा पूर्ण खर्च वसूल करायचे ठरले. १९८६ मध्ये व्हिएतनामने दोई मोई म्हणजे आर्थिक सुधारणांचे धोरण स्वीकारले आणि १९९३ मध्ये ब्रिटनच्या सांस्कृतिक संस्थेने हनोईत कार्यालय उघडले, तोवर हे शुल्क पक्के रुळले होते. ब्रिटिश सरकारची १९८३ पासूनची गाजलेली शिष्यवृत्ती एका वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी असते. व्हिएतनाम सरकारच्या २००० च्या ‘३२२’ आणि २०१० च्या ‘९११’ या योजनांचा भरही मुख्यतः पदव्युत्तर शिक्षणावर आणि डॉक्टरेटवर होता. म्हणजे एमएससी करणाऱ्याला कुणीतरी हात देई. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला पदवी करायची असेल तर आईवडिलांची ऐपत, नाहीतर मोजक्या शिष्यवृत्त्या.

आता त्या अटीकडे येऊ, कारण तिच्याबद्दल दोन्ही बाजूंनी खूप बोलले गेले आहे आणि बरेचदा अर्धवट.

विद्यापीठांची बाजू अशी. ब्रिटनमधली पदवी बहुधा तीन वर्षांची, आणि पहिल्या दिवसापासून एकाच विषयाची. ए-लेव्हलची मुले शेवटची दोन वर्षे तीन-चार विषयच करतात, तेही खोलात. व्हिएतनामच्या मुलाने मात्र बारावीपर्यंत डझनभर विषय सांभाळलेले असतात. वर २०१७ पासून बारावीच्या राष्ट्रीय परीक्षेत गणितसुद्धा बहुपर्यायी झाले. दीर्घ उत्तर लिहायचे ते उरले फक्त साहित्याच्या पेपरात. सिद्धता पायरीपायरीने मांडता येते का, हे अशा उत्तरपत्रिकेतून दिसत नाही. शाळेच्या गुणपुस्तिकेतले गुण सढळ हाताने दिले जातात, ही तक्रार तर व्हिएतनामी वर्तमानपत्रेच वर्षानुवर्षे करत आली आहेत.

हे सगळे खरे मानले तरी काही गोष्टी बसत नाहीत. २०१२ च्या पिसा चाचणीत, म्हणजे देशोदेशींच्या शाळकरी मुलांची तुलना करणाऱ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत, व्हिएतनाम पहिल्यांदाच उतरला. पंधरा वर्षांच्या मुलांचे गणित ५११ गुणांचे निघाले, ब्रिटनचे ४९४. विज्ञानात ५२८ विरुद्ध ५१४. त्या वयाची बरीच व्हिएतनामी मुले शाळेबाहेर असल्यामुळे ती मोजणीत आली नाहीत, हा आक्षेप रास्त आहे. पण अर्ज करणारी मुले शाळेतलीच असतात, आणि त्यांच्यापुरता हा निकाल बोलका आहे. त्याहून जुना पुरावा विशेष शाळांचा. युद्ध चालू असताना, १९६५ मध्ये, निवडक मुलांसाठी गणिताचे खास वर्ग सुरू झाले. १९७४ मध्ये पूर्व जर्मनीतल्या आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडला व्हिएतनाम पहिल्यांदा गेला तो सुवर्णपदक घेऊनच परतला. आज प्रत्येक प्रांतात अशी विशेष शाळा आहे. तिथल्या मुलाने ऑलिंपियाडचे पदक आणले तर प्रवेश समितीवर त्याची छाप पडते, पण दाखल्याची उणीव त्याने भरून निघत नाही. पात्रता म्हणजे परीक्षा उत्तीर्ण असणे, आणि पदक ही परीक्षा नव्हे.

माझ्या मते या नियमाचे शैक्षणिक समर्थन करता येते, परिणामाचे समर्थन करणे अवघड आहे. कारण ज्या देशात शासकीय शाळाच सर्वांत कसोटीच्या आणि सर्वांत हुशार मुलांच्या आहेत, तिथे हा नियम त्याच शाळांना बाजूला ठेवतो. महागडी आंतरराष्ट्रीय शाळा परवडणाऱ्याला त्याची झळ लागत नाही. मराठी वाचकाला फरक चटकन कळावा म्हणून: आपल्याकडच्या केंद्रीय मंडळाची बारावी ऑक्सफर्ड कडक अटींवर स्वीकारते. व्हिएतनामच्या बारावीला तेवढेही स्थान नाही.

या अडथळ्याला वळसा घालणारी सर्वांत जुनी वाट सिंगापूरहून जाते. तिथल्या सरकारच्या आणि शाळांच्या शिष्यवृत्त्या नववी-दहावीच्या वयाची व्हिएतनामी मुले निवडून नेतात. राहणे, खाणे, फी सगळे त्यात येते. चार वर्षांनी मूल केंब्रिजच्या परीक्षा मंडळाशी जोडलेली ए-लेव्हल घेऊन बाहेर पडते आणि अर्जात ‘व्हिएतनामी’ हे फक्त राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात उरते. मध्यमवर्गीय घरातून ऑक्सफर्ड-केंब्रिजला पोहोचलेल्या कितीतरी जणांच्या मार्गात सिंगापूर लागते. पंधराव्या वर्षी घर सोडायची ही किंमत आकडेवारीत कुठे येत नाही.

देशातल्या देशात ए-लेव्हल करायचे तर २०१२ चा हुकूम आड येई. परदेशी अभ्यासक्रम शिकवणाऱ्या परदेशी गुंतवणुकीच्या शाळांत व्हिएतनामी मुले किती असावीत यावर त्याने मर्यादा घातली: प्राथमिक आणि कनिष्ठ माध्यमिकला १० टक्के, उच्च माध्यमिकला २० टक्के. मुलांनी मायभूमीची भाषा आणि इतिहास विसरू नये, हा त्यामागचा विचार होता. जागा कमी, मागणी उदंड, त्यामुळे फीचे काय झाले असेल ते वेगळे सांगायला नको. २०१८ मध्ये मर्यादा ५० टक्क्यांच्या आत अशी सैल झाली. दरम्यान हनोईच्या एका जुन्या नामांकित शासकीय शाळेत २०१७ पासून दुहेरी दाखल्याचा प्रयोग सुरू झाला होता: सकाळी राष्ट्रीय अभ्यासक्रम, जोडीला ए-लेव्हल. त्याची फी शासकीय शाळेच्या मानाने बरीच, पण आंतरराष्ट्रीय शाळेच्या मानाने किरकोळ. त्या वर्गात बसलेल्या मुलांना एकाच उन्हाळ्यात दोन देशांच्या परीक्षा द्याव्या लागतात, आणि त्या ती देतात.

तिसरी वाट पायाभूत वर्षाची, म्हणजे पदवीआधी ब्रिटनमध्ये करायच्या तयारीच्या वर्षाची. लंडनमधल्या एकदोन नामांकित विद्यापीठांचे स्वतःचे असे वर्ष आहे आणि तिथून पुढे चांगल्या जागी जाता येते. ऑक्सफर्ड-केंब्रिजला मात्र बहुतेक पायाभूत वर्षे चालत नाहीत. हनोई आणि सायगाव (म्हणजे आजचे हो चि मिन्ह शहर) इथल्या शिक्षण मेळ्यांत ही गोष्ट मोठ्या आवाजात सांगितली गेली असती, तर अनेक घरांचे पैसे वाचले असते.

दाखल्याचा प्रश्न सुटला तरी कागद उरतातच. ब्रिटनचा अर्ज शाळेकडून दोन गोष्टी मागतो: शिक्षकाचे शिफारसपत्र आणि परीक्षेआधीच अंदाजाने दिलेल्या श्रेणी. व्हिएतनामच्या शासकीय शाळेला या दोन्हीची सवय नाही. तिच्याकडे असते ती होक बा, म्हणजे गुणपुस्तिका. प्रत्येक वर्षाचे प्रत्येक विषयाचे दहापैकी गुण, विषयशिक्षकांच्या सह्या, वर्तणुकीचा शेरा, वर्गशिक्षकांची एखादी ओळ, मुख्याध्यापकांची सही आणि त्यावर लाल शिक्का. त्या लाल शिक्क्याशिवाय व्हिएतनाममध्ये कागदाला कागद म्हणत नाहीत. वर्गशिक्षकांची ओळ बहुधा ‘मेहनती, शिस्तप्रिय, वर्गकार्यात सहभागी’ अशी. केंब्रिजच्या शिक्षकाला हवे असते ते वेगळेच: ही मुलगी अभ्यासक्रमाबाहेरचे काय वाचते, अडली की काय करते. वर्गात चाळीसेक मुले असलेल्या आणि इंग्रजी न लिहिणाऱ्या शिक्षकाने हे कसे लिहावे? मग मजकूर विद्यार्थी किंवा खासगी सल्लागार तयार करतो, शिक्षक सही करतात. ही पद्धत चुकीची आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण शिक्षकांना कुणी शिकवलेले नाही आणि तारीख टळत नाही.

तारीख म्हणजे ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या अर्जाची शेवटची, १५ ऑक्टोबर. व्हिएतनामचे शालेय वर्ष सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होते, म्हणजे बारावीला जेमतेम महिना-सव्वा महिना झालेला असतो. नावाचा घोळ त्यातच. व्हिएतनामी नावात आडनाव आधी येते आणि हाक मारायचे नाव शेवटी. आडनाव पुष्कळदा नुयेन. इंग्रजी कागदांवर स्वरचिन्हे गळतात, दाखल्यावर असतात. अर्जात एका रकान्यात आडनाव, दुसऱ्यात नाव, आणि इंग्रजीच्या परीक्षेत उलटे पडले की तीन कागदांवर तीन माणसे दिसू लागतात.

इंग्रजीच्या परीक्षेवरून तर २०२२ मध्ये सगळा देश ढवळून निघाला. ऑक्सफर्ड-केंब्रिजला आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत नऊपैकी साधारणपणे एकूण ७.५ आणि प्रत्येक भागात किमान ७ लागतात. परदेशी भाषा-प्रमाणपत्रांच्या परीक्षांना सरकारी मान्यता हवी, असा व्हिएतनामच्या शिक्षण मंत्रालयाचा नवा नियम त्या वर्षी सप्टेंबरपासून लागू झाला आणि १० नोव्हेंबरपासून आयोजकांनी परीक्षा अचानक थांबवल्या. फी भरलेली, तारीख मिळालेली मुले परीक्षा केंद्राबाहेर सूचना वाचत राहिली. शेजारच्या देशात जाऊन परीक्षा देता येईल का, याची चौकशी सुरू झाली. बनावट प्रमाणपत्रांना आळा बसावा, हा मंत्रालयाचा हेतू. आयोजकांचे म्हणणे, कागदपत्रे दिली आहेत, मंजुरी येईना. महिना संपायच्या आत मंजुऱ्या मिळू लागल्या आणि परीक्षा पुन्हा सुरू झाल्या. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या अर्जदारांना इंग्रजीचा निकाल नंतर द्यायची मुभा असते, म्हणून ते तरले. खरा फटका बसला तो मायदेशी विद्यापीठांत याच गुणांवर प्रवेश घेणाऱ्या कितीतरी मोठ्या वर्गाला, आणि तो बातम्यांत तितका आला नाही.

मुलाखतींच्या बाबतीत मात्र काळ व्हिएतनामी मुलांच्या बाजूने वळला. पूर्वी केंब्रिजचे शिक्षक काही आशियाई शहरांत जाऊन मुलाखती घेत, त्यात सिंगापूर असे. बाकीच्यांनी इंग्लंड गाठायचे. २०२० मध्ये साथीमुळे मुलाखती पडद्यावर आल्या आणि परदेशी अर्जदारांसाठी तशाच राहिल्या. प्रवेशचाचण्यांची उलथापालथ अजून चालू आहे. वैद्यकीयची जुनी चाचणी २०२३ नंतर बंद झाली, विज्ञान आणि अभियांत्रिकीसाठी २०२४ पासून नवी आली. २०२६ च्या प्रवेशापासून अर्जातला स्वतःबद्दलचा एकसंध निबंध जाऊन तीन ठरावीक प्रश्न आले आहेत. ज्यांच्या शाळेत असा निबंध कुणी कधी लिहिलाच नव्हता, त्यांना हा बदल उपकारक ठरावा.

पैशाचा विषय २०२१ मध्ये वेगळ्याच दारातून आला. ऑक्सफर्डमधल्या एका पदव्युत्तर कॉलेजला एका व्हिएतनामी उद्योगसमूहाने १५.५ कोटी पौंडांची देणगी जाहीर केली. त्यातले पहिले ५ कोटी मिळाले की कॉलेजचे नाव देणगीदाराच्या नावावरून बदलण्याची परवानगी मागायची, असे ठरले. देणगीत शिष्यवृत्त्यांचाही वाटा होता. हनोईत अभिमान आणि आक्षेप दोन्ही उमटले. एवढा पैसा आपल्याच विद्यापीठांना का नाही, हा प्रश्न अनेकांनी विचारला आणि तो गैरलागू नव्हता. कॉलेजचे जुने नाव आजही कायम आहे. पदवीच्या अर्जदारांना या सगळ्याचा तसाही उपयोग नव्हता. त्यांना केंब्रिजमध्ये वर्षाला २५,००० पौंडांच्या वर शुल्क, कॉलेजचे शुल्क निराळे, राहण्याखाण्याचे त्याहून निराळे. व्हिएतनामचे दरडोई उत्पन्न २०२३ मध्ये सुमारे ४,३०० डॉलर होते.

२०२५ पासून व्हिएतनामच्या बारावीची परीक्षा चार विषयांवर आली आहे: साहित्य, गणित आणि आवडीचे दोन. परदेशी भाषा सक्तीची राहिली नाही. कमी विषय आणि निवडीची मोकळीक, हे ए-लेव्हलच्या दिशेनेच पडलेले पाऊल आहे. पण त्या दोन विद्यापीठांची अट त्यामुळे सैल झालेली नाही. ए-लेव्हलचा निकाल ऑगस्टच्या मध्याला लागतो. जागा पक्की झाली की हनोई किंवा हो चि मिन्ह शहरातल्या ठरवून दिलेल्या दवाखान्यात छातीचा एक्स-रे काढून क्षयरोग नसल्याचा दाखला घ्यायचा, खात्यात सलग २८ दिवस पैसे असल्याचे दाखवायचे आणि व्हिसा घेऊन ऑक्टोबरच्या सुरुवातीला हजर व्हायचे. हे २८ दिवस निकालानंतर मोजायला बसले तर उशीर होतो, म्हणून अनुभवी आईबाप जुलैतच पैसे एका खात्यात आणून ठेवतात.