रॉक गार्डन, चंदीगड

नदीतले गोटे, भंगार आणि पाडलेल्या घरांचा राडारोडा यांतून उभे राहिलेले शिल्पोद्यान. सुखना तलावाजवळ सुमारे ४० एकरांवर ते पसरलेले आहे. निर्माते नेकचंद सैनी (१९२४–२०१५) यांचे गाव फाळणीत पाकिस्तानात गेले. पुढे ते चंदीगडच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्ते निरीक्षक झाले. शिल्पकलेचे शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते.

वास्तुविशारद ल कॉर्ब्यूझिए यांच्या आराखड्यानुसार नवे शहर वसवताना तिथली जुनी गावे पाडली गेली. त्या गावांतली फुटकी भांडी, कौले, दगड नेकचंद गोळा करू लागले. शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याच्या नद्यांतून पाण्याने झिजून चित्रविचित्र आकार आलेले दगड ते सायकलवर लादून आणत. १९५७ च्या सुमारास बांधकामाला बंदी असलेल्या जंगलातल्या एका घळीत त्यांनी हे सारे गुपचूप मांडायला सुरुवात केली. नोकरी सांभाळून हे काम चाले, बरेचसे रात्री.

या गोट्यांवर त्यांनी छिन्नी चालवली नाही. पक्षी, माणूस किंवा जनावर भासेल असा दगड निवडायचा आणि योग्य जागी उभा करायचा, एवढेच. बागेचा हा सर्वांत जुना भाग, आणि कलादृष्ट्या सर्वांत अस्सलही.

नंतरच्या आकृत्या मात्र घडवलेल्या आहेत. आत लोखंडी सांगाडा, त्यावर वाळू-सिमेंटचे थर आणि शेवटच्या गिलाव्यात बसवलेले काचेचे, कपबशांचे तुकडे किंवा ओतशाळेतली धातुमळी (धातू वितळवताना उरणारा मळ). जनावरांत सायकलचे भाग सहज ओळखू येतात : सीटचे डोके, फोर्कचे पाय. बांगड्यांच्या तुकड्यांनी अंग मढवलेल्या बायकांच्या रांगा सर्वांत लोकप्रिय आहेत. प्रत्येकीचा चेहरा जवळपास सारखाच, तरी बांगड्यांच्या रंगांमुळे रांग एकसुरी वाटत नाही. भिंतींसाठी डांबराची पिंपे आणि विजेचे निकामी सामानही वापरले आहे. दरवाजे मुद्दाम ठेंगणे आहेत. आत शिरताना मान झुकवावीच लागते.

सत्तरच्या दशकात सरकारी माणसांना या बेकायदा बागेचा पत्ता लागला. नियमाने ती पाडायला हवी होती. मात्र लोकांचा पाठिंबा मोठा होता, आणि १९७६ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली. प्रशासनाने नेकचंदांना पगार आणि मजूर देऊन याच कामावर नेमले. टाकाऊ माल जमवण्यासाठी शहरात केंद्रे उघडली. सरकारी खात्याच्या हातून एवढे शहाणपण क्वचितच घडते. १९८४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, १९८६ मध्ये वॉशिंग्टनच्या एका बालसंग्रहालयासाठी त्यांनी असेच उद्यान उभारले. बागेच्या शेवटच्या, तिसऱ्या टप्प्यातले धबधबे, कमानी आणि झोपाळे गर्दी खेचतात; त्या भागाला जत्रेची कळा आहे.

नव्वदच्या सुमारास बागेतून रस्ता काढण्याचा घाट घातला गेला, तेव्हा नागरिकांनी मानवी साखळी करून बुलडोझर अडवले. १९९६ मध्ये नेकचंद परदेशी असताना शिल्पांची मोडतोड झाली. त्यानंतर जतनासाठी त्यांच्या नावाने एक प्रतिष्ठान स्थापन झाले.