न्हाणीघरातील रिकाम्या बाटल्या-डब्यांचा पुनर्वापर

शांपू, केसांचे तेल, हँडवॉश, पावडर यांच्या रिकाम्या बाटल्या व डबे मुलांना हाताशी घेऊन घरीच धुणे, निवडणे, जमतील तेवढे पुन्हा वापरात आणणे आणि उरलेले भंगारात देणे, ही घरगुती प्रथा. कोकण किनारपट्टीवर करवंटीची डवली (पळी), हिरांची (नारळाच्या पात्यांतील काड्यांची) केरसुणी, चुडतांचे (नारळाच्या झावळ्यांचे) झाप असा पुनर्वापर पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. ती सामग्री शेवटी मातीत जिरते. प्लॅस्टिक जिरत नाही, म्हणून त्याची शिस्त निराळी.

कोकणातल्या बऱ्याच घरांत आंघोळीचे पाणी अजून न्हाणीतल्या चुलीवर किंवा बंबात तापते आणि रिकामी बाटली सवयीने त्याच जाळात जाते. पीव्हीसी या जातीचे प्लॅस्टिक जळताना हायड्रोजन क्लोराइड वायू व डायॉक्सिन ही विषारी द्रव्ये तयार होतात. शिवाय तीच राख पुढे भाजीच्या वाफ्यात पडते. तेव्हा मुलांना शिकवायची पहिली गोष्ट शोभेच्या वस्तू नव्हे, तर रिकाम्या बाटल्या टाकायला न्हाणीच्या दाराशी लटकवलेली एक पिशवी.

निवड करताना बाटलीच्या तळाचा त्रिकोण पाहतात. त्यातील अंक प्लॅस्टिकचा प्रकार सांगतो; ही पद्धत 1988 मध्ये अमेरिकेतील प्लॅस्टिक उद्योगाने सुरू केली. 1 म्हणजे पेट, 2 म्हणजे एचडीपीई (शांपूच्या बहुतेक अपारदर्शक बाटल्या), 5 म्हणजे पॉलिप्रॉपिलीन (बहुतेक झाकणे). अंक पुसला असेल तर बादलीभर पाणी पुरते. मोठ्यांनी नखाएवढे तुकडे कापून द्यावेत, मुलांनी ते पाण्यात दाबून, चिकटलेले बुडबुडे बोटाने पुसून सोडावेत. एचडीपीई व पॉलिप्रॉपिलीन पाण्याहून हलके, ते वर येतात. पेटची घनता पाण्याच्या सुमारे 1.38 पट, ते तळ गाठते. पुनर्चक्रण कारखान्यांतही प्लॅस्टिक वेगळे करायला हेच तत्त्व वापरतात. हँडवॉशच्या पंपात बहुधा पोलादी स्प्रिंग असते. ती काढल्याशिवाय तो धड प्लॅस्टिकमध्ये जात नाही, धड लोखंडात. पंप सुटा करून बघणे मुलांना बाटली रंगवण्याहून जास्त आवडते, असा अनुभव आहे.

धुण्यासाठी बाटलीत पाव भाग पाणी घालून झाकण लावून खळखळवतात. त्या फेसाच्या पाण्याने चपला किंवा न्हाणीची फरशी घासता येते. ते विहिरीच्या काठावर मात्र ओतू नये. लेबल भिजवून काढावे, उरलेला डिंक खोबरेल तेलाने सुटतो. उकळते पाणी टाळावे, कारण पेट साधारण 70 अंश सेल्सिअसच्या पुढे मऊ पडून वेडेवाकडे होते.

वस्तू कोणत्या कराव्यात, याला अंत नाही. बाटली तिरकी कापली, झाकण तसेच ठेवले, की राख, वाळू किंवा खत उचलायची सुपली होते. होडीतले पाणी उपसायला अशीच कापलेली कॅन किनाऱ्यावर सर्रास दिसते. कापायचे काम मोठ्यांचे, कडा पॉलिश पेपरने घासायचे मुलांचे. खाण्याचे पदार्थ या डब्यांत ठेवू नयेत. वास आणि सुवासिक तेले प्लॅस्टिकमध्ये मुरलेली असतात. बाटलीवर ऑइलपेंट, चमकी, फेविकॉल आणि कापूस यांचे थर चढवले की ती दिसते छान, पण भंगारवाला घेत नाही. दोरी, गाठ, खाच यांवर भागवलेली वस्तू कंटाळा आल्यावर पुन्हा निव्वळ बाटली होते. गणपतीच्या मखराला एरवी कौतुकाने लावलेल्या बाटल्यांची हीच अडचण असते. सर्वांत उत्तम पुनर्वापर तर सगळ्यात कंटाळवाणा आहे: पंपाची बाटली पुन्हा भरून वापरणे.

कुंड्या करायच्या तर तळाला भोके हवीतच. पावसाळ्यात पागोळ्यांखाली राहिलेल्या टोपणभर पाण्यातही डेंग्यूचा एडिस डास वाढतो. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा साचलेले पाणी ओतून कोरडा दिवस पाळायचा. उन्हाळ्यात उलटे संकट: अंगणातल्या उघड्या उन्हात प्लॅस्टिक ठिसूळ होऊन त्याचा चुरा मातीत पडतो. कुंडी पडवीत टांगलेली बरी.

काही डबे मुलांच्या हाती द्यायचेच नाहीत. संडास साफ करण्याच्या द्रवात बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल असते आणि त्याच्या अवशेषाशी ब्लीच मिसळले तर क्लोरीन वायू निघतो. हे डबे, तसेच फिनेलचे, दुसऱ्या कशालाही वापरू नयेत. रॉकेल किंवा पाणी भरायला तर नाहीच. डिओडरंटचे कॅन रिकामे वाटले तरी आत ज्वालाग्राही वायू उरलेला असतो, त्यांना भोक पाडणे किंवा चुलीत टाकणे म्हणजे स्फोटाला बोलावणे. टूथपेस्टच्या काही नळ्यांत प्लॅस्टिकच्या थरांमध्ये अॅल्युमिनियमचा पापुद्रा असतो, शांपूच्या पुड्याही अनेक थरांच्या. भंगारात यांना भाव नाही. वेंगुर्ले नगरपरिषदेने कचऱ्याचे बारकाईने वर्गीकरण करून प्लॅस्टिकचे तुकडे डांबरी रस्त्यांत वापरले, पण घंटागाडी न पोचणाऱ्या वाड्यांवर या नळ्या-पुड्या कोरड्या करून गोणीतच साठवाव्या लागतात.