भिंतीला टेकवलेली शिडी आणि शर्यतीची गाडी

भाच्याला व्हिडिओ कॉलवर गाडी दाखवत होतो. तो पुण्यात मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे, त्यामुळे प्रत्येक नटबोल्टपाशी कॅमेरा थांबवायला लावत होता. मागच्या चाकांपाशी आल्यावर म्हणाला, "मामा, तुझा एक शॉकअप बसवायचा राहिलाय." राहिला नव्हता. या गाडीला मागे एकच शॉकअप आणि एकच स्प्रिंग असते. गिअरबॉक्सच्या डोक्यावर आडवी निजवलेली, दोन्ही चाकांना मिळून एक. "मग वळणावर गाडी आडवी नाही होणार?" या त्याच्या प्रश्नाचं उत्तर मला फोनवर नीट देता आलं नाही. ते इथे सविस्तर देतो.

गाडी आहे फॉर्म्युला व्ही, 1970 च्या आसपासची. एक माणूस बसेल एवढा नळ्यांचा सांगाडा आणि चारही चाकं उघडी. 1950 च्या दशकाच्या अखेरीस फ्लोरिडातले फोक्सवॅगनचे वितरक ह्यूबर्ट ब्रुंडेज यांच्या मनात आलं, की बीटल मोटारीचेच भाग वापरून हौशी माणसाला परवडेल अशी रेसिंग कार करावी. पहिली गाडी त्यांनी इटलीत ट्युरिनच्या एन्रिको नार्दी यांच्याकडून बनवून घेतली. 1963 मध्ये अमेरिकेच्या स्पोर्ट्‌स कार क्लबने या वर्गाला मान्यता दिली. इंजिन बीटलचं, 1192 सीसी, मुळात 40 अश्वशक्तीचं. गिअरबॉक्स, पुढचा एक्सल, चारही ड्रम ब्रेक, अगदी 15 इंची रिमसुद्धा बीटलच्याच. निकी लाउडा, इमर्सन फिटिपाल्डी आणि केके रॉसबर्ग, पुढे फॉर्म्युला वनचे जगज्जेते झालेले हे तिघेही उमेदवारीच्या काळात फॉर्म्युला व्हीमध्ये धावले आहेत. आपल्याकडे दक्षिणेत मारुतीच्या इंजिनावर एकआसनी गाड्या बनल्या, त्यामागचा विचारही हाच: इंजिन रस्त्यावरचं, सांगाडा शर्यतीचा.

इथे अमेरिकेत, ओहायोतला हिवाळा लांब असतो आणि गॅरेजला हीटर आहे, म्हणून गाडी शेवटच्या वॉशरपर्यंत खोलली. सांगाड्याचा रंग खरवडून प्रत्येक वेल्डवर लाल भेदक रंग लावला, पुसला आणि वर पांढरी भुकटी मारली. तडा असेल तिथे लाल रेघ वर येते. तीन ठिकाणी आली. तिथलं जुनं वेल्ड घासून काढून नवीन मारलं. इंजिनचा केस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा असतो. हलका, पण वर्षानुवर्षं तापून-निवून त्यातली क्रँकच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, बेअरिंगांची भोकं लंबगोल होतात. ती एका रेषेत पुन्हा बोअर करून जाड बेअरिंगं बसवावी लागली. पुढचा एक्सल म्हणजे एकीखाली एक अशा दोन आडव्या नळ्या. त्यांच्या आत पोलादी पट्ट्यांची जुडी, मधोमध घट्ट पकडलेली; चाक वर गेलं की जुडीला पीळ बसतो आणि तोच पीळ स्प्रिंगचं काम करतो. त्या नळ्यांतलं ग्रीस डांबरासारखं झालं होतं.

गिअरबॉक्सची एक गंमत मात्र सांगितलीच पाहिजे. बीटलमध्ये इंजिन मागच्या एक्सलच्याही मागे असतं आणि गिअरबॉक्स पुढे. रेसिंग कारला इंजिन मध्ये, चालकाच्या पाठीशी हवं. म्हणून अख्खी जोडणी उलटी फिरवतात: इंजिन पुढे, गिअरबॉक्स मागे. पण तसं केलं की चाकंही उलटी फिरू लागतात, म्हणजे गाडीला चार रिव्हर्स आणि एकच पुढचा गिअर. उपाय सोपा आहे. डिफरन्शियलमधलं, म्हणजे दोन्ही मागच्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या भागातलं, मोठं दातेरी चाक (क्राऊन व्हील) गिअरबॉक्समधून येणाऱ्या छोट्या दातेरी चाकाच्या (पिनियनच्या) एका बाजूला असतं, ते काढून दुसऱ्या बाजूला बसवायचं. पिनियन तसाच फिरतो, क्राऊन उलट फिरतो, चाकं सुलट होतात. केवळ भूमितीने सुटलेला प्रश्न.

आता त्या एकुलत्या स्प्रिंगकडे येतो.

बीटलचा मागचा एक्सल 'स्विंग एक्सल' जातीचा. एडमंड रुम्प्लर यांनी त्याचं पेटंट 1903 मध्ये घेतलं होतं. यात प्रत्येक बाजूच्या एक्सलला एकच सांधा, तोही आत गिअरबॉक्सपाशी. चाक एक्सलला कायमचं काटकोनात जखडलेलं. दार बिजागरीवर फिरावं तसं चाक त्या सांध्याभोवती वरखाली फिरतं, आणि वरखाली होताना कलतंही. मागून पाहिल्यावर चाकाचा वरचा काठ आत झुकलेला असेल तर निगेटिव्ह कॅम्बर, बाहेर झुकलेला असेल तर पॉझिटिव्ह. गाडीचं अंग वर उचललं की चाकं खालच्या बाजूला गाडीखाली दुमडतात आणि कॅम्बर पॉझिटिव्ह होतो. टायर मग सपाट न टेकता कडेवर उभा राहतो आणि पकड जाते.

पण वळणावर अंग वर का उचललं जाईल? लोकांना वाटतं, वळणावर गाडी एका बाजूला दबते, एवढंच. स्विंग एक्सलच्या गाडीची मागची बाजू वर उचललीही जाते, आणि तिला उचलणारं बल दुसरं तिसरं कुठलं नसून टायरची पकडच असते.

भिंतीला टेकवलेली शिडी डोळ्यांसमोर आणा. तिचा पाय भिंतीकडे ढकलला की वरचं टोक भिंतीवरून वर सरकतं. पाय भिंतीपासून दूर ओढला की टोक खाली येतं. आता शिडीचा पाय म्हणजे टायर रस्त्याला टेकतो ती जागा आणि वरचं टोक म्हणजे गिअरबॉक्सपाशी असलेला सांधा. डावीकडे वळताना रस्ता दोन्ही टायरांना डावीकडे ढकलतो. उजव्या, म्हणजे बाहेरच्या चाकासाठी डावीकडे म्हणजे गाडीच्या दिशेने: शिडीचा पाय भिंतीकडे, सांधा वर. डाव्या चाकासाठी डावीकडे म्हणजे गाडीपासून दूर: सांधा खाली. दोन्ही ढकल सारख्या असत्या तर हिशेब मिटला असता. पण वळणावर वजन बाहेरच्या चाकावर जातं, म्हणून बाहेरच्या टायरची ढकल मोठी आणि आतल्याची लहान. उरलेला फरक गाडीची मागची बाजू वर उचलतो.

आकडे घालून पाहू. सांधा जमिनीपासून साधारण 31 सेमी उंच आणि टायर टेकण्याच्या जागेपासून आडवा 57 सेमी आत. 31 भागिले 57 म्हणजे 0.54, हा शिडीचा चढ. चालकासकट गाडी 465 किलो, त्यातलं सुमारे 280 किलो मागच्या चाकांवर. वळणावर एक 'जी', म्हणजे गाडीच्या वजनाएवढाच, आडवा जोर आहे असं धरलं, तर दोन्ही मागच्या टायरांच्या ढकलींमधला फरक साध्या दोन स्प्रिंगांच्या मांडणीत माझ्या ढोबळ हिशेबाने 190 किलोच्या घरात जातो. त्याला 0.54 ने गुणलं की 103 किलो. म्हणजे 280 किलोच्या बुडाला कोणीतरी खालून 103 किलोचा जॅक लावल्यासारखं. गाडी 25 मिमी वर आली तरी चाकं अडीच अंश कलतात. कलली की सांधा आणखी उंच, शिडी आणखी उभी, उचल आणखी मोठी. अशा वेळी घाबरून चालकाने ॲक्सिलरेटरवरून पाय काढला तर वजन पुढे जातं, मागची बाजू आणखी उठते आणि गाडी जागेवर गिरकी घेते.

मोठ्या कंपन्यांनाही हा धडा गिरवावा लागला. मर्सिडीजच्या 1954 च्या पंखवाल्या दारांच्या 300 एसएलमध्ये असाच उंच सांध्याचा स्विंग एक्सल होता. 1957 च्या उघड्या आवृत्तीत त्यांनी सांधा खाली आणला, शिडी आडवी केली. फोक्सवॅगनने 1967 च्या बीटलला मागे एक जादा स्प्रिंगदांडा दिला, आणि अमेरिकेतल्या 1969 च्या मॉडेलपासून प्रत्येक बाजूला दोन सांध्यांचा एक्सलच आणला. फॉर्म्युला व्हीच्या नियमांत मात्र एक्सल जुनाच ठेवणं बंधनकारक. सांधा हलवता येत नाही. मग उरलं काय? चढ बदलत नसेल तर दोन टायरांमधला फरक कमी करा.

तो फरक कमी करते ती एक स्प्रिंग. लाकूड कापणारी दोघांची लांब करवत पाहिली असेल. एक ओढतो तेव्हा दुसरा सोडतो. करवत इकडून तिकडे सरकते, तिच्यावर दाब येत नाही. दोघांनी एकदम आत रेटलं तर मात्र ती वाकते. आडव्या स्प्रिंगची दोन टोकं अशीच दोन चाकांना दांड्या आणि कोनी तरफांनी जोडलेली असतात. रस्त्यातल्या उंचवट्यावर दोन्ही चाकं एकदम वर आली की दोन्ही टोकं आत रेटली जातात आणि स्प्रिंग दबते. वळणावर एक चाक वर आणि एक खाली गेलं की स्प्रिंग नुसती बाजूला सरकते, दबत नाही. गाडीच्या कलण्याला मागून शून्य विरोध. तुमच्या-आमच्या मोटारीत पुढे अँटी-रोल बार, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा पिळाचा दांडा असतो, त्याच्या बरोबर उलटं हे: तो दांडा फक्त कलताना काम करतो, ही स्प्रिंग फक्त कलत नसताना.

भाच्याची शंका इथेच होती: मागून विरोधच नाही, तर गाडीला धरतं कोण? पुढचं टोक धरतं. चार पायांचा चौरंग खडबडीत अंगणात डुगडुगतो, तिवई डुगडुगत नाही. ही गाडी म्हणजे तिवई आहे: पुढे दोन पाय आणि मागे, स्प्रिंगच्या दृष्टीने, एकच. कलण्याचा सगळा भार पुढच्या जाड अँटी-रोल बारवर जातो. मागच्या टायरांमधला फरक भूमितीमुळे जेवढा होतो तेवढाच उरतो, 190 चा 150 च्या आसपास येतो आणि उचल 103 वरून 81 किलोवर. शिवाय टायरचा एक स्वभाव इथे मदतीला येतो. वजन दुप्पट केलं तर पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. म्हणून दोन टायरांवर वजन जितकं सारखं वाटलेलं, तितकी त्या जोडीची एकूण पकड जास्त. मागच्या जोडीला तो फायदा मिळतो, पुढची जोडी थोडी पकड गमावते, आणि शेपूट फेकणाऱ्या गाडीला हेच तर हवं असतं.

गाडीची सेटिंग करताना मग तीन गोष्टींवर लक्ष ठेवतो. मागची उंची अशी, की उभ्या गाडीला तीन अंश निगेटिव्ह कॅम्बर असेल. त्याने सांधाही 30 मिमी खाली येतो आणि शिडीचा चढ 0.54 वरून 0.49 होतो. दुसरं, दोन्ही एक्सलना पट्टा, म्हणजे चाकं ठरावीक मर्यादेखाली लोंबू शकत नाहीत आणि कॅम्बर शून्याच्या पलीकडे पॉझिटिव्ह होऊ शकत नाही. तिसरं, टो, म्हणजे चाकांची तोंडं समांतर आहेत की आत-बाहेर वळलेली आहेत. मोजायला महागडं यंत्र लागत नाही. कॅम्बरला गवंड्याचा ओळंबा पुरतो: 15 इंची रिमच्या वरच्या आणि खालच्या कडेत साधारण 7 मिमी फरक म्हणजे एक अंश. टोसाठी गाडीच्या दोन्ही बाजूंना समांतर दोरी ताणायची आणि रिमच्या पुढच्या-मागच्या कडेपासून दोरीचं अंतर पट्टीने मोजायचं. चार वजनकाट्यांवर गाडी चढवली तेव्हा तिवईचा पुरावा समोर आला. मागच्या दोन काट्यांवर आकडे जवळजवळ सारखे, आणि स्प्रिंग कितीही पिळली तरी ते सारखेच राहिले. तीन पायांच्या तिवईत कर्णातलं, म्हणजे तिरक्या समोरासमोरच्या चाकांवरचं, वजन इकडचं तिकडे करता येतच नाही.

हे सगळं ओळंब्याने आणि दोरीने मोजता येत असताना शर्यतीच्या दुनियेत शकुन-अपशकुनाला किती मान आहे, हे पाहून मला मनापासून वाईट वाटतं. 13 आकडा नको, हिरवा रंग नको, अमुक सांगाडा पनवती. पनवती म्हणवल्या जाणाऱ्या गाडीखाली दोरी ताणून पाहावी, बहुतेक वेळा एक चाक वाकडं सापडतं. आपल्याकडेही गाडीला लिंबू-मिरची बांधणारे हात कॅम्बर तपासायला वळले, तर टायर तरी जास्त टिकतील. त्याहून मोठा धोका मला बाजारातल्या 'कडक म्हणजे वेगवान' या प्रचाराचा वाटतो. पुण्या-कोल्हापुरात मुलं हॅचबॅकच्या स्प्रिंगा कापून गाडी खाली बसवतात. कापलेली स्प्रिंग कडक होते, चाकाचा प्रवास संपतो, खड्ड्यात टायर रस्ता सोडतो, आणि रस्ता सोडलेल्या टायरला पकड शून्य. इथे माझ्या गाडीत तर मागचा कडकपणा जिथे नको होता तिथून पूर्णपणे काढून टाकल्याने गाडी वेगवान झाली आहे.

ट्रॅक मे महिन्यात उघडेल. पहिल्या पाच फेऱ्यांनंतर पिटमध्ये येऊन प्रत्येक टायरचं तापमान आतल्या काठाला, मधोमध आणि बाहेरच्या काठाला सुई टोचून मोजायचं आहे. मागच्या टायरचा आतला काठ जास्त तापला तर निगेटिव्ह कॅम्बर जास्त झाला, बाहेरचा तापला तर पट्टा अजून आखूड हवा. पुढच्या अँटी-रोल बारसाठी दोन जाडीचे दांडे कापून ठेवले आहेत. पातळ बसवला आहे, जाड टूलबॉक्समध्ये आहे. भाचा म्हणतो जाडच लागेल. त्याने हिशेब करून पाठवलाय, आणि त्यात मला अजून चूक सापडलेली नाही.