घरच्या वायफायचं नाव आलं कुठून?

दर्यापूर असो की पुसद, आता खेड्यापाड्यात फायबर पोचतंय. केबलवाल्याचा पोरगा राउटरचा डबा भिंतीला ठोकून गेला की मोबाइलच्या यादीत एक नाव वाढतं, बहुतेकदा कंपनीचंच, मागे चार आकडे-अक्षरं जोडलेलं. हौशी माणूस ते बदलून स्वतःचं आडनाव टाकतो. त्याहून सावध असलेला नाव लपवूनच ठेवतो, म्हणजे शेजाऱ्याच्या पोरांना ते दिसायलाच नको. या सावधपणाचा उपयोग जवळपास शून्य आहे. त्याचं कारण जुनं आहे.

संगणक तारेनं जोडलेला असेल तर तो कोणत्या नेटवर्कवर आहे हा प्रश्नच नसतो. तार जिथं खोचली तिथं तो. १९९७ मध्ये आयट्रिपलई या अभियंत्यांच्या संस्थेनं बिनतारी नेटवर्कचं ८०२.११ हे पहिलं मानक काढलं, तेव्हा हवेत ऐकू येणाऱ्या अनेक यंत्रांतून आपलं कोणतं हे ओळखण्याची सोय करावी लागली. तीच एसएसआयडी, म्हणजे आपण पाहतो ते नाव. राउटर ते सेकंदाला साधारण दहा वेळा हवेत पुकारतो. मोठ्या ऑफिसात किंवा गोदामात चालत जाताना जोडणी तुटू नये म्हणून एकच नाव अनेक यंत्रांना देता येईल अशी रचना मुद्दाम केली होती. त्यामुळे हे नाव कुणाच्या मालकीचं नसतं, कुठं नोंदवावं लागत नाही, आणि तुमचंच नाव समोरच्या घरानंही ठेवलं तर अडवणारं कुणी नाही.

खरी ओळख वेगळी असते. बीएसएसआयडी हा ४८ बिटांचा, बारा आकडे-अक्षरांचा पत्ता वायफायच्याही आधीचा, इथरनेटच्या, म्हणजे तारेनं संगणक जोडण्याच्या पद्धतीच्या घराण्यातला. १९७३ मध्ये झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत इथरनेट सुरू झालं तेव्हा पत्ता फक्त ८ बिटांचा होता. १९८० मध्ये डिजिटल, इंटेल आणि झेरॉक्स यांनी मिळून तो ४८ बिटांचा केला. साधारणपणे त्याचा पहिला अर्धा भाग यंत्र बनवणाऱ्या कंपनीला आयट्रिपलईकडून मिळतो, उरलेला कंपनी भरते. वावराला गावात "बोरीचं वावर" म्हणतात आणि सातबाऱ्यावर गट नंबर असतो, तसंच हे. कंपनीच्या नावामागची ती चार अक्षरंही अनेकदा याच पत्त्याच्या शेपटातून घेतलेली असतात.

नावाला मर्यादा ३२ बाइटांची. बाइट म्हणजे आठ बिटांचं, संगणकाच्या साठवणीचं माप. इंग्रजी अक्षर एका बाइटात बसतं, देवनागरीला मात्र प्रत्येक वर्ण, काना, वेलांटी आणि हलन्ताला तीन-तीन बाइट लागतात. "वऱ्हाडी घर" २८ बाइटांत मावतं. "वऱ्हाडी वाडा" ३४ होतात आणि राउटर नाकारतो. मूळ मानकात हे बाइट कोणत्या लिपीचे समजायचे हेच लिहिलं नव्हतं. यूटीएफ-८, म्हणजे सगळ्या लिप्या बाइटांत लिहिण्याची पद्धत, वापरल्याची खूण २०१२ च्या आवृत्तीत आली, म्हणून जुन्या यंत्रावर मराठी नावाचा कचरा दिसतो.

कुलपाचा, म्हणजे पासवर्ड लावून वायफाय सुरक्षित ठेवण्याच्या पद्धतीचा इतिहास आणखी लाजिरवाणा. पहिलं कुलूप वेप नावाचं. २००१ मध्ये फ्लुरर, मँटिन आणि शमीर या संशोधकांनी त्याच्या आतल्या पद्धतीतलं भगदाड दाखवून दिलं. कुलूप असं तकलादू, तर नाव लपवण्याचा सल्ला पटायला वेळ लागत नाही. पण लपवलेलं नाव फक्त राउटरच्या पुकाऱ्यातून वगळलं जातं. मोबाइल जोडताना ते हवेत उघडपणे बोलतोच. उलट असं नाव साठवलेला फोन आठवडी बाजारात, अमरावतीच्या बसस्टँडवर, कुठंही "ते नेटवर्क आहे का" असं विचारत फिरू शकतो. शेजाऱ्यापासून लपवलं आणि जिल्हाभर सांगितलं!

२००३ मध्ये डब्ल्यूपीए आणि २००४ मध्ये डब्ल्यूपीए-२ ही नवी कुलपं आल्यावर नावाला पहिल्यांदा सुरक्षेचं थोडं काम मिळालं. पासवर्ड आणि नाव एकत्र करून ४०९६ फेऱ्या घोटल्यावर किल्ली तयार होते. नाव सगळ्यांसारखंच असेल तर चोर आधीच तयार केलेले अशा किल्ल्यांचे तक्ते वापरू शकतो. म्हणून कंपनीचं नाव बदलणं फायद्याचं, पण पासवर्ड म्हणून स्वतःचा मोबाइल नंबर टाकला असेल तर तो फायदा कुठल्या कुठं जातो. आणि गावात सर्रास तोच असतो.

भारतात वायफायच्या लहरींचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा जानेवारी २००५ मध्ये परवानामुक्त झाला. जुलै २००८ च्या अहमदाबाद स्फोटांच्या वेळचा ईमेल नवी मुंबईतल्या एका उघड्या वायफायवरून गेल्याचं तपासात पुढं आलं, आणि वायफायला कुलूप लावण्याचा आग्रह सरकारकडूनही सुरू झाला.

अलीकडचा बदल फोनकडून आला. २०१९ चा अँड्रॉइड १० आणि २०२० चा आयओएस १४ यांपासून फोन प्रत्येक नेटवर्कला आपला तसाच ४८ बिटांचा, पण वेगळा, बनावट पत्ता सांगतो, आणि नेटवर्क ओळखायला तो नावाचाच आधार घेतो. नाव बदललं की घरातला प्रत्येक फोन राउटरला नवखा वाटू शकतो. पत्ता पाहून पोरांच्या फोनवर वेळेची मर्यादा घातली असेल तर ती पुन्हा घालावी लागते. मात्र पावसाळ्यात वीज पडून डबा जळाला, तर नव्या डब्यावर जुनंच नाव, जुनाच पासवर्ड आणि कुलपाचा प्रकारही जुनाच ठेवायचा. फोन, टीव्ही, गोठ्यातला कॅमेरा, सगळे न विचारता जोडले जातात.