शंभर कोणाचे? टक्केवारीतल्या फरकामागचा इतिहास

८० आणि १०० या दोन संख्यांत किती टक्के फरक आहे? ८० वरून १०० वर गेले तर २५ टक्के वाढ, १०० वरून ८० वर आले तर २० टक्के घट. वजाबाकी दोन्हीकडे २०च. भाजक मात्र बदलतो. आणि दोघींपैकी कोणतीच संख्या मूळ मानायची नसेल तर तिसरेच उत्तर येते. शाळेच्या गणितात ही अडचण सहसा जाणवत नाही, कारण शंभर कोणाचे धरायचे ते उदाहरणातच दिलेले असते. टक्केवारीच्या इतिहासातही पहिली कित्येक शतके असेच चालले.

याचे कारण व्याज. कौटिलीय अर्थशास्त्रात शंभर पणांवर (पण हे तेव्हाचे नाणे) महिना सव्वा पण हे धर्म्य, म्हणजे न्याय्य, व्याज सांगितले आहे. व्यापाऱ्यांसाठी ते पाच पण, अरण्यातून माल नेणाऱ्यांसाठी दहा आणि समुद्रावर जाणाऱ्यांसाठी वीस. जोखीम वाढली की दर वाढतो, पण शंभर नेहमी मुद्दलाचेच. रोममध्ये सम्राट ऑगस्टसने लिलावातील विक्रीवर शंभरावा हिस्सा कर बसवला. तिथेही शंभर विक्रीच्या रकमेचे, यात शंका घ्यायला जागा नव्हती.

भारतीय गणितात हा हिशेब त्रैराशिकाने होई. आर्यभटांनी इ.स. ४९९ च्या सुमारास त्याचा नियम एका श्लोकात दिला: फलाला इच्छेने गुणा आणि प्रमाणाने भागा (प्रमाण म्हणजे दिलेली राशी, फल म्हणजे तिचे दिलेले उत्तर, इच्छा म्हणजे जिचे उत्तर हवे ती राशी). भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) पंचराशिकाचे, म्हणजे पाच माहीत राशींवरून सहावी काढण्याचे, उदाहरण आहे: शंभरावर महिन्याला पाच व्याज, तर सोळावर वर्षाला किती? उत्तर ९ पूर्णांक ३/५. आपण शाळेत सोडवलेल्या ‘द.सा.द.शे.’च्या उदाहरणांची ही थेट पूर्वज.

पण ‘लीलावती’तली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी जागा व्याजाच्या प्रकरणात नाही, विलोमविधीत आहे. शेवटचे उत्तर माहीत असताना उलट्या पायऱ्यांनी मूळ संख्या शोधायची, हा तो विधी. बेरजेच्या जागी वजाबाकी, गुणाकाराच्या जागी भागाकार, वर्गाच्या जागी वर्गमूळ. इथवर सोपे आहे. मात्र एखाद्या संख्येत तिचाच काही भाग मिळवला असेल, तर उलट येताना तोच भाग वजा करून चालत नाही, हे भास्कराचार्य मुद्दाम वेगळे सांगतात. त्या अपूर्णांकाचा अंश तसाच ठेवायचा आणि छेदात तो मिळवून नवा छेद करायचा. म्हणजे १/४ वाढवले असेल तर परतताना १/५ कमी करायचे. भाग वजा केला असेल तर छेदातून अंश वजा करायचा. १/५ कमी केलेली संख्या १/४ वाढवली की पूर्ववत होते.

२५ टक्के आणि २० टक्के यांचे कोडे ते हेच. त्यात टक्क्याचे नावही नाही, पण जाताना आणि येताना आधार बदलतो हे मर्म नेमके पकडलेले आहे. आजही ‘पन्नास टक्के घट झाली, मग पन्नास टक्के वाढ झाली, म्हणजे हिशेब बरोबरीत’ असे समजणारे भेटतात. १०० चे ५० होतात आणि ५० चे ७५. परतायला शंभर टक्के वाढ लागते.

चिन्हाची कथा छोटी आहे. पंधराव्या शतकातील इटालियन व्यापारी हस्तलिखितांत ‘पेर चेंतो’ म्हणजे ‘शंभरामागे’ हे शब्द आखूड लिहिले जाऊ लागले. सतराव्या शतकापर्यंत त्या संक्षेपाची आडवी रेघ आणि तिच्या वर-खाली दोन शून्ये झाली होती. पुढे रेघ तिरपी झाली.

खरा पेच अठराव्या शतकात उभा राहिला, तो किमतींच्या तुलनेमुळे. इटलीतील अर्थशास्त्रज्ञ जियान रिनाल्डो कार्ली यांनी १७६४ साली धान्य, दारू आणि तेल यांच्या १५०० आणि १७५० च्या सुमाराच्या किमती घेतल्या, प्रत्येकीचे गुणोत्तर काढले आणि त्या गुणोत्तरांची साधी सरासरी केली. पद्धत सरळ वाटते. पण एक वस्तू ५० वरून १०० वर गेली आणि दुसरी १०० वरून ५० वर आली असे समजा. बदल +१०० टक्के आणि −५० टक्के. सरासरी २५ टक्के वाढ. आता दोन्ही किमती मूळ जागी परतल्या, तर त्या प्रवासातही सरासरी २५ टक्के वाढच निघते. दोन्ही टप्पे जोडले की ५६.२५ टक्के महागाई झाली असे उत्तर येते, आणि किमती तर जिथल्या तिथे आहेत!

इंग्लिश अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी १८६३ साली सोन्याचे मूल्य किती घसरले हे तपासताना भूमितीय मध्य वापरला. वरच्या उदाहरणात २ आणि १/२ यांचा गुणाकार १, त्याचे वर्गमूळही १. म्हणजे बदल शून्य. पुढे अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ आयर्विंग फिशर यांनी १९२२ च्या आपल्या ग्रंथात ही कसोटीच करून ठेवली: पुढे जातानाचे आणि मागे येतानाचे गुणोत्तर यांचा गुणाकार १ आला पाहिजे. साधी सरासरी त्यांनी साफ नाकारली. ही चर्चा केवळ पुस्तकी नव्हती. ब्रिटनच्या किरकोळ किमतींच्या निर्देशांकात कार्लींचे सूत्र राहिले होते, आणि २०१३ साली त्या निर्देशांकाचा ‘राष्ट्रीय सांख्यिकी’ हा दर्जा काढून घेताना ते एक मुख्य कारण ठरले.

दोन संख्यांपुरता या पेचातून निघालेला मार्ग म्हणजे मध्याला आधार मानणे. फरकाला दोन्ही संख्यांच्या सरासरीने भागायचे आणि शंभराने गुणायचे: ८० आणि १०० साठी २० भागिले ९०, म्हणजे सुमारे २२.२ टक्के. क्रम बदलला तरी उत्तर तेच. अर्थशास्त्रात मागणीची लवचीकता, म्हणजे किंमत बदलली की मागणी किती बदलते ते, मोजताना आर. जी. डी. ॲलन यांनी १९३० च्या दशकात हे सूत्र मांडले. प्रयोगशाळांत एकाच नमुन्याच्या दोन मोजण्या किती जुळतात हे पाहायलाही हेच वापरतात, आणि ते योग्यच आहे: तिथे पहिली मोजणी आणि दुसरी मोजणी यांत मूळ मानावी अशी कोणतीच नसते. जिथे काळाचा क्रम आहे, आधी आणि नंतर आहे, तिथे मात्र आधीच्या संख्येलाच आधार मानावा. तिथे मध्य काढणे म्हणजे हातात असलेली माहिती टाकून देणे.

मध्याच्या सूत्रालाही मर्यादा आहे. धन संख्यांसाठी त्याचे उत्तर कधीच २०० टक्क्यांपर्यंत पोहोचत नाही. १ आणि १००० यांतला फरकही १९९.६ टक्केच भरतो. म्हणून १९८५ साली टॉर्नक्विस्ट आणि दोघे व्हार्टिया या अभ्यासकांनी दोन संख्यांच्या (नैसर्गिक) लॉगॅरिदममधला फरक घ्यावा असा आग्रह धरला. नेपियर यांनी १६१४ साली दिलेले हे साधन इथे चपखल बसते: ८० ते १०० हा फरक, शंभराने गुणून, २२.३ येतो, उलट दिशेने −२२.३, आणि एकामागून एक आलेले बदल सरळ बेरजेने जोडता येतात. किंमत एवढीच की हे आकडे नेहमीच्या टक्क्यांसारखे वाचता येत नाहीत.

आणि यांतले कोणतेही सूत्र घेतले तरी मोजपट्टीचे शून्य खरे असावे लागते. सेल्सिअसचे शून्य पाण्याच्या गोठण्यावर ठरवलेले आहे, म्हणून १० अंशांवरून २० अंशांवर गेलेले तापमान ‘शंभर टक्के वाढले’ म्हणण्यात अर्थ नाही. खऱ्या शून्यापासून सुरू होणाऱ्या केल्विन यांच्या निरपेक्ष मापनश्रेणीवर तीच वाढ २८३.१५ वरून २९३.१५ अशी होते, म्हणजे जेमतेम साडेतीन टक्के.